कूलर नसलेल्या घरात

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास या उन्हाळ्यात आमच्या घरात आला नाही. वैशाखाची दुपार बाहेर पांढरी होऊन पडलेली असते, संत्र्याच्या बागांवरून दारापर्यंत येणाऱ्या वाऱ्याला भाजलेल्या मातीचा दर्प असतो, आणि आत मात्र, सौंसरातल्या या नव्या घरात, अनवाणी पाऊल टेकलं की माठाला हात लावल्यासारखं वाटतं. आत पोकळी ठेवून बांधलेल्या भिंती, दुहेरी काचेच्या खिडक्या, गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे, गरम हवा वरच्या वर निघून जावी म्हणून छताशी झरोके. निवृत्तीनंतर माझ्या यजमानांनी पांढुर्ण्याच्या एका इंजिनिअरकडून हे सगळं हौसेने करवून घेतलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते अजून भिंतीवर हात ठेवायला लावतात. विजेचं बिल उतरलं. कूलर भंगारात गेला. मी शाळेत शिकवते, त्यामुळे उन्हाळ्याची सगळी सुट्टी या गारव्यात जाते. मला सुख बोचतं असं कुणी म्हणेल, आणि त्याचं फारसं चुकणार नाही.

जुन्या भाड्याच्या घरी दुपारी कूलरची टाकी भरायचं काम माझं होतं. हे आत झोपलेले असत; मी मागच्या बाजूला टाकीत रबरी पाइप सोडून, त्या घरघरीच्या आडोशाला सावलीत बसून तिगावला आईला फोन लावत असे. त्या आवाजात माझं बोलणं, कधी रडणंही, बेमालूम मिसळून जायचं, आणि टाकी भरून वाहू लागली तरी मला उठवत नसे. दिवसातली तेवढीच घटका माझ्या मालकीची होती.

मी एकुलती. बाबा गेल्यापासून आई तिगावला एकटी राहते, आणि अलीकडे ती विसरते. मध्यंतरी गॅसवर दूध ठेवून अंगणात जाऊन बसली. शेजारणीला जळका वास आला म्हणून निभावलं. तिला इकडे आणावं, हे मनात घोळवून घोळवून मी थकून गेले आहे. यांना कधी विचारलं नाही. नाही म्हणतील याची भीती होती, आणि हो म्हणाले तरी, लेकीच्या घरी पाणीसुद्धा संकोचाने पिणारी माझी आई येणार कशी?

या घरात रस्त्यावरचा ट्रक ऐकू येत नाही, पण पलीकडच्या खोलीत यांनी कूस बदलली तरी कळतं. म्हणून मी फोनवर दबक्या आवाजात बोलू लागले, आणि आईचे कान नेमके यंदाच मंदावले.

काल दुपारी पुन्हा तेच झालं.

“मोठ्यानं बोल वं,” आई म्हणाली. “काईच आयकू नाई येऊन राह्यलं.”

मी आवाज थोडा चढवला.

“नाई येत. कूलर होता तवा त बरी बोले तू.”

माझा धीर सुटला. बोलण्याचा नव्हे, लपवण्याचा. मी ओरडले, अगदी वर्गात ओरडते तशी, “आई, तू आता इकडंच राहाले ये. कायमची. आमच्या घरी.”

शब्द झरोक्यापर्यंत जाऊन पुन्हा खाली आल्यासारखे वाटले. मग, इतका वेळ काहीच ऐकू न येणारी माझी आई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “हळू बोल नं वं. जावाई आयकतीन.”

“आयकू दे,” मी म्हणाले.

पलीकडच्या खोलीत पलंग करकरला. चपला चाचपणारे पाय, आणि मग चपलांविनाच माझ्या दाराकडे येणारी पावलं. या माणसाच्या सोबतीत निम्म्याहून अधिक आयुष्य गेलं, पण दुपारच्या शांततेत त्याचं असं माझ्याकडे येणं मी कधी ऐकलंच नव्हतं. ती पावलं रागाची होती की आणखी कशाची, हे मला ओळखता येईना. मी फोन ठेवला नाही.