ओसरीवरच्या शाळेची दरख्वास्त

तहसील कचेरीच्या आवारातील लिंबाखाली बसून मी आयुष्यभर लोकांच्या दरख्वास्ती, म्हणजे सरकारी अर्ज, लिहिल्या. माझे अक्षर आणि माझी उर्दू यांची कीर्ती गंगाखेडापासून पाथरीपर्यंत होती, आणि पाथरीचे पक्षकार आपला तालुका सोडून माझ्याकडे येत, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. ती वस्तुस्थिती होती. ज्या एका दरख्वास्तीविषयी मला आज लिहावयाचे आहे, ती मात्र मी कोणाच्या पैशासाठी लिहिली नव्हती. ती माझ्या स्वतःच्या गावासाठी होती, आणि माझ्या हातून झालेल्या सर्व लिखाणांत ती सर्वांत सुंदर होती, असे मला पुष्कळ दिवस वाटत असे.

आमचे गाव तालुक्यापासून पायी दीड तासावर. गावात सरकारी शाळा नव्हती. ज्यांना ऐपत होती ते मुलांना परभणीस ठेवीत, आणि तेथे सर्व विषय उर्दूत असल्यामुळे बहुतेक मुले वर्षा-दोन वर्षांत परत येत. मीही असाच परत आलेला. चौथ्या जमातीत, म्हणजे इयत्तेत, नापास होऊन मी शाळा सोडली. गणित मला येत होते, परंतु गणित कोणत्या भाषेत विचारले आहे ते कळेपर्यंत घंटा होत असे. पुढे एका वृद्ध अर्जनवीसाच्या पायाशी बसून, जुन्या मिसली, म्हणजे कचेरीतील फायली, उतरून उतरून मी जी उर्दू मिळवली, ती कचेरीची उर्दू होती. ती मला उत्तम येत असे. तालीमात खात्याने, म्हणजे शिक्षणखात्याने, मला नापास केले, ही गोष्ट मात्र मी कधी विसरलो नाही.

गावातील किराणा दुकानदार, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, ते मोठे शिवभक्त गृहस्थ. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि दुकानामागेच महादेवाचे देऊळ. त्यांनी वऱ्हाडातून एक मास्तर आणले आणि देवळाच्या ओसरीवर मराठी शाळा सुरू केली. मास्तर तिशीतले, कृश, अतिशय हळू बोलणारे. जेवण आप्पांच्या घरी, झोपणे ओसरीवरच. चाळीसएक मुले येऊ लागली, त्यांत पाच-सहा मुली. त्यांत माझी मुलगी होती. ती तेव्हा आठ वर्षांची होती.

तेव्हा हैदराबाद संस्थानात खासगी शाळा काढावयाची तर आधी सरकारची इजाजत लागे. ती आम्ही घेतली नव्हती. शाळांची तपासणी करणारे अधिकारी, म्हणजे मोहतमीमसाहेब, दौऱ्यावर आले की आप्पांच्या दुकानी चहा घेत. उतारवयाचे, सभ्य गृहस्थ. मराठी त्यांना चांगली समजे. पहिल्या वर्षी चहा घेता घेता त्यांनी मागच्या ओसरीकडे कान दिला आणि विचारले, "आप्पा, ये क्या शोर है?"

"भजन हाय साहेब," आप्पा म्हणाले.

साहेबांनी आणखी थोडे ऐकले. "अच्छा भजन है. मगर आप्पा, महादेव के भजन में बारा साते चौऱ्याऐंशी कबसे आने लगा?"

साहेब हसले, चहा संपवला आणि बैलगाडीत बसून निघून गेले. पुढील दोन वर्षे ते आले की स्वतःच विचारीत, "भजन कैसा चल रहा है?" आणि ओसरीकडे पाठ करून बसत. त्यांच्या दौऱ्याच्या वहीत आमच्या गावी शाळा नव्हती.

चौथ्या वर्षी ते आले तेव्हा हसले नाहीत. वरून हुकूम आला होता की, बिगर इजाजत चालणाऱ्या शाळांची यादी प्रत्येक जिल्ह्याने पाठवावी. त्यांनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितले, "एक सादी दरख्वास्त देव. दो सतर की. गाव में मदरसा खोलना चाहते हैं, मास्टर तय्यार है, इजाजत होना. मेरे नाम से देव. बाकी मैं देख लेता हूँ." मदरसा म्हणजे त्यांच्या उर्दूत शाळाच.

संध्याकाळी आप्पा हा निरोप घेऊन माझ्या घरी आले. "मुन्शीजी, दोनच वळी पायजेत म्हणायलेत साहेब. लय सोपं हाय."

मला ते दोन ओळींचे बोलणे झोंबले. दोन ओळी लिहावयास मुन्शी कशाला हवा? ते काम दुकानातला माणूससुद्धा करील. मी आप्पांना म्हणालो, "आप्पा, मोहतमीम म्हणजे काय, तुम्हांला ठाऊक आहे? खात्याचा खालचा जिना. त्यांच्या वर सदर मोहतमीम, त्यांच्या वर हैदराबादेस नाजिमसाहेब, आणि त्यांच्याही वर तालीमात खात्याचे वजीर. जिना चढत बसलो तर मुले म्हातारी होतील. मी थेट माडीवर दरख्वास्त टाकतो."

"पण साहेब म्हनले, माझ्या नावानं द्या."

"साहेबांना आपली पत राखायची असते."

पाच दिवस मी दुसरे काम घेतले नाही. दरख्वास्त सात पानांची झाली. प्रारंभी राज्यकर्त्यांच्या विद्याप्रेमाची स्तुती, मग अज्ञानाचा अंधकार, मग आमच्या गावाचे वर्णन, मग शाळेचे. शाळा किती यशस्वी आहे हे दाखविल्याशिवाय वजीरसाहेबांवर छाप कशी पडणार? म्हणून मी लिहिले की, ही पाठशाळा गेली तीन वर्षे अखंड चालू असून तिच्यात चाळीस बालके विद्यामृत प्राशन करीत आहेत. आणि इतकी वर्षे लोटूनही, मोहतमीमसाहेबांचे येणे-जाणे असूनही, तिला सरकारी मान्यतेचा प्रकाश लाभलेला नाही. हे शेवटचे वाक्य जमले तेव्हा मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या होत्या.

देवळाच्या ओसरीवर मी ती सर्वांना वाचून दाखविली. उर्दू कोणालाच येत नव्हती, तरी कोणी हलले नाही. संपल्यावर आप्पांनी डोळे पुसले. "काय कळलं न्हाई मुन्शीजी, पर लय भारी वाटायलंय."

"वजिराला तरी कळंल का?" मागून एका शेतकऱ्याने विचारले आणि हशा झाला. मीही हसलो.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला मराठीत सारांश विचारला. मी सांगितला. तो ऐकून ते म्हणाले, "मुन्शीजी, तीन वर्षांपासून शाळा चालू आहे, हे लिहायलाच हवं का? साहेब म्हणाले होते, उघडायची आहे असं लिहा."

मला तेव्हाच थांबता आले असते. प्रश्न सरळ होता, आणि कचेरीच्या आवारात आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळावयास हवा होता. परंतु चारचौघांसमोर, तेही माझ्या मुलीसमोर, परप्रांतातल्या एका मास्तराने माझ्या लिखाणावर बोट ठेवले होते.

"मास्तर," मी म्हणालो, "तुम्ही अ-आ-ई शिकवा. सरकारदरबार आमच्याकडे राहू द्या."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

दरख्वास्त मी स्वतः गंगाखेडच्या टपालात टाकली. तिची पावती कोटाच्या खिशात ठेवून मी ती लिंबाखालच्या इतर अर्जनवीसांना दाखवीत असे. तुमच्यापैकी कोणी वजिराला लिहिले आहे काय, असे विचारीत असे.

वरच्या कचेऱ्यांचे काम कसे चालते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. वर गेलेला कागद वर कोणी वाचून निकालात काढीत नाही. तो ज्याच्या हद्दीतला असेल त्याच्याकडे कैफियतीसाठी, म्हणजे खुलाशासाठी, खाली उतरतो, आणि उतरताना प्रत्येक मेजावर त्याच्यावर एकेक ओळ चढत जाते. अशा शेकडो मिसली मी उतरून काढल्या होत्या. तरीही माझा कागद इतरांसारखा नाही, तो वाचताच वजीरसाहेब माझे नाव विचारतील, असे मी धरून चाललो होतो.

ज्वारीची काढणी चालू असताना मोहतमीमसाहेब आले. त्या दिवशी बैलगाडीबरोबर एक चपराशी आणि तहसिलीचा एक माणूस होता. आप्पांनी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. त्यांनी मला बोलावणे पाठविले. मी फेटा नीट बांधून गेलो. कौतुक होणार, असे मला वाटत होते.

साहेबांनी मिसल उघडून माझ्यापुढे धरली. माझीच सात पाने होती. "गेली तीन वर्षे" या शब्दांखाली लाल पेन्सिलीची जाड रेघ होती. समासात चार निरनिराळ्या हातांच्या चार ओळी होत्या, आणि शेवटची अशी: बिगर इजाजत शाळा ताबडतोब बंद करावी, आणि मोहतमीम यांनी तीन वर्षे ही बाब का कळविली नाही याची कैफियत आठ दिवसांत द्यावी.

"मुन्शीजी," साहेब अगदी हळू म्हणाले, "मैं तीन बरस से इस गाव में मदरसा देख्याच नहीं था. तुमने दिखा दिया."

मी काहीतरी बोलावयास गेलो. त्यांनी हात वर केला. मग ओसरीवर जाऊन त्यांनी मुलांना घरी जाण्यास सांगितले. मास्तरांकडून लिहून घेतले की, सरकारी इजाजतीशिवाय या मुलखात ते मुलांना शिकविणार नाहीत. मास्तरांनी सही केली, आणि लेखणी पुसून परत दिली.

शाळेच्या सामानाचा पंचनामा करावयाचा होता. चपराशाला किंवा तहसिलीच्या माणसाला लिहिता येत नव्हते. साहेब माझ्याकडे वळले. "तुम लिखो. तुम्हारा खत अच्छा है."

त्याच चांगल्या अक्षरात मी लिहिले. फळा एक. घंटा एक, तडा गेलेली. तरटाच्या पट्ट्या सहा. खडूची पेटी एक, अर्धी. पाट्या. नकाशा एक, मास्तरांनी हाताने काढलेला. माझी मुलगी खांबाजवळ उभी होती. तिच्या छातीशी वाचनाचे पुस्तक होते. चपराशाने ते मागितले. साहेब म्हणाले, "रहने दे. वो घर की चीज है." माझ्या साऱ्या लिखाणात तो पंचनामा सर्वांत तोकडा होता. त्यात एकही शब्द जास्त नव्हता.

त्यानंतरही त्या भल्या माणसाने आम्हांला टाकले नाही. जाण्यापूर्वी त्यांनी आप्पांना वाट सांगितली: काही महिने थांबा, मग नवी दरख्वास्त द्या, दोन सतरांची. ती मी लिहिली. आप्पांनी मजकूर सांगितला आणि मी तो मुकाट्याने उतरून घेतला. परंतु तोवर साहेबांची बदली कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यात झाली होती. ती माझ्या त्या एका वाक्यामुळे झाली, असे मला कोणी तोंडावर सांगितले नाही. सांगण्याची गरज नव्हती.

मास्तर दोन महिने थांबले. शिकविता येत नाही म्हणून ते आप्पांच्या दुकानात पुड्या बांधू लागले. मुले मीठ-तेल न्यावयास येत तेव्हा ती त्यांना गुरुजी म्हणत, आणि ते इकडेतिकडे पाहून त्यांना गप्प बसवीत. एके सकाळी ते वळकटी घेऊन निघाले. मी वेशीपर्यंत गेलो.

"मास्तर, माझं चुकलं," असे मी म्हणावयास हवे होते. मी म्हणालो, "इजाजत आली की कळवतो."

"कळवा," ते म्हणाले. "अर्ज मात्र फार सुंदर होता, मुन्शीजी. कळला नाही, पण वाचनात लय होती." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसावयास सोपे गेले असते.

इजाजत पुढच्या वर्षी आली. शिक्का, सही, सर्व यथासांग. मी मास्तरांना पत्र टाकले. उत्तर आले की, त्यांना तिकडे नोकरी मिळाली आहे. दुसरा मास्तर आमच्या गावी यावयास तयार झाला नाही. तो कागद आप्पांनी माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "तुमीच ठेवा." तो माझ्या पेटीत आहे. त्यावर शाळा चालली नाही.

आज मागे पाहतो तेव्हा कळते की, त्या सात पानांत शाळेसाठी एक पान होते. उरलेली सहा मी तालीमात खात्याला दाखविण्यासाठी लिहिली होती, की पाहा, ज्याला तुम्ही नापास केले तो काय लिहू शकतो. खात्याने ते पाहिलेही नसेल. लाल रेघ मात्र अचूक ठिकाणी ओढली.

याहून मोठी खंत दुसरीच आहे. माझी मुलगी संध्याकाळी ते पुस्तक उघडून बसे. मास्तरांनी ते निम्म्यापर्यंत आणले होते. ती तेवढेच धडे पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचीत असे. मला मराठी वाचता-लिहिता येत होते. शेजारी बसून पुढचा धडा घेणे एवढेच करावयाचे होते. पण तिचा आवाज कानी आला की मला तो खांब आणि तो पंचनामा आठवे, आणि मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जाई. उद्या घेऊ, असे म्हणत सहा वर्षे गेली.

तिचे लग्न वालूरला झाले. सासरी निघण्याच्या दिवशी ती पेटी भरीत होती. कोनाड्यात ते पुस्तक होते. अर्धी पाने बोटांनी मऊ आणि काळसर झालेली, पुढची अजून कोरी करकरीत. मी ते तिच्यापुढे धरले आणि म्हणालो, "हे राहिलं. घेऊन जा."

तिने ते हातात घेतले, मऊ पाने संपतात तेथे उघडले, आणि परत कोनाड्यात ठेवले.

"ऱ्हाऊ द्या बाबा," ती म्हणाली. "हितपर्यंत मला पाठ हाय. पुढचं येत न्हाई."