पांढऱ्यातली नीळ

सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, पण पडत काही नव्हतं. वारा नाही, ऊन नाही, भिंतीला सावलीसुद्धा नाही. असला दिवस सगळ्या गल्लीला आळस आणायचा. मास्तरांना मात्र असलाच दिवस लागायचा. ऊन रंगाला चढवतं, दिवा रंगाला फसवतो, खरं काय ते ढगाळ उजेडच सांगतो, असं त्यांचं एकतीस वर्षांचं म्हणणं. त्यामुळे सात वाजताच ते टेबल उचलून गच्चीवर निघाले होते, आणि जिन्याच्या वळणावर टेबलाचा पाय कठड्यात अडकवून बसले होते.

"आधी पाय काढायचे, मग टेबल न्यायचं," खालून बायको म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत रंगांच्या बाटल्यांचा ट्रे होता.

"माझे की टेबलाचे?"

"ज्याचे निघतील त्याचे."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते खोटे डोळे करायचे. अपघातात किंवा आजारात कुणाचा डोळा गेला की हॉस्पिटल चिठ्ठी देऊन त्या माणसाला मास्तरांच्या पहिल्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत पाठवायचं. मास्तर रिकाम्या खोबणीचा साचा घ्यायचे, त्या मापाची शिंपल्याएवढी प्लॅस्टिकची वाटी घडवायचे आणि मग समोर बसलेल्या माणसाचा उरलेला डोळा बघत बघत ती रंगवायचे. आधी पांढरा, मग बुबुळ. शिरांसाठी लाल रेशमाच्या धाग्यातला एकेक तंतू सोडवून पांढऱ्यावर चिकटवायचा. वरून पारदर्शक थर. शेवटचं घासकाम आणि पॉलिश बायकोचं. लग्न झाल्यापासून तिची नखं कधी पूर्ण वाढली नाहीत.

या धंद्यात डोळ्यांपेक्षा फजित्या जास्त झाल्या असं ती म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. एकदा धुवायला स्टीलच्या पेल्यात ठेवलेला डोळा मेव्हण्याने अर्ध्या पाण्यानंतर पाहिला. तेव्हापासून तो या घरी आला की स्वतःची बाटली घेऊन येतो. एकदा आठवडाभर बसून सोडवलेले रेशमाचे तंतू मास्तरांनी एका शिंकेत खोलीभर उडवले. दोन दिवस नवराबायको गुडघ्यांवर रांगत जमिनीवरच्या शिरा वेचत होते. एकदा तयार डोळा टेबलावरून घरंगळला, जिना उतरला आणि रस्ता ओलांडून समोरच्या टायरच्या दुकानात गेला. टायरवाला तो पकडीत धरून वर घेऊन आला. म्हणाला, "मास्तर, हा मघापासून माझ्यावर नजर ठेवून आहे. कामगार घाबरलेत."

पण गेल्या तीन महिन्यांतल्या फजित्या सांगून हसण्यासारख्या नव्हत्या. हॉस्पिटलातून एका ड्रायव्हरचा डोळा परत आला. मग एका कॉलेजातल्या मुलीचा. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच शेरा: पांढरा जुळत नाही. आणि मागच्या आठवड्यात पोस्टातल्या बाई स्वतः आल्या. या बाई एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा आल्या होत्या, आईच्या पदराआड तोंड लपवून. आता पन्नाशीला टेकल्या. चार डोळे त्यांनी मास्तरांकडूनच घेतले, आणि पोस्टाच्या खिडकीत बसून रोज शंभर माणसांच्या तोंडाकडे सरळ बघितलं. पाचवा महिन्यापूर्वी नेला. तो परत घेऊन आल्या तेव्हा बसतो छान, टोचत नाही, सगळं सांगून झाल्यावर खाली बघत म्हणाल्या, हल्ली लोक दुसऱ्या डोळ्याशी बोलायला लागलेत.

ते वाक्य मास्तरांच्या जेवणात आलं, अंघोळीत आलं. डोळा ओळखू आला की तो डोळा नव्हेच, हा त्यांचा एकच नियम. आता तीन ओळखू आले होते.

त्यांनी कारण शोधलं आणि सापडलंही. टायरवाल्याने तीन महिन्यांपूर्वी घराला रंग दिला होता, झणझणीत पिवळा. ती भिंत बरोबर मास्तरांच्या खिडकीसमोर. तिच्यावरून उजेड पिवळा होऊन खोलीत येतो, त्यात पांढरा पिवळट दिसतो, म्हणून हात जरा जास्त निळा घालतो. हिशेब चोख बसत होता. मास्तर तडक रस्ता ओलांडून गेले आणि भिंतीचा रंग बदला म्हणाले. टायरवाल्याने आधी चेष्टा समजून खुर्ची दिली. मग खुर्ची काढून घेतली. घर माझं, भिंत माझी, रंग माझ्या बायकोने निवडलेला, आणि तुम्हाला एवढाच त्रास होत असेल तर खिडकीला पडदा लावा, असं त्याने चार गिऱ्हाइकांदेखत ऐकवलं. मास्तरांनी घरी येऊन खरंच चादर बांधली. मग अंधारात काहीच दिसेना.

म्हणून आज गच्ची. वर नुसतं आभाळ, समोर कुणाची भिंत नाही. आज पांढरा चुकणार नाही.

आठला पोस्टातल्या बाई आल्या. दहाला त्यांना खिडकी उघडायची होती. बायकोने त्यांना खुर्ची दिली, हातात आरसा दिला. मास्तरांनी नव्या डोळ्याचा वरचा थर घासून आधीच उतरवला होता. बुबुळ तसंच ठेवून भोवतालचा पांढरा तेवढा नव्याने द्यायचा होता. पांढऱ्याची नवी बाटली फोडली. काचेच्या तुकड्यावर घेतला, त्यात सुईच्या टोकाने निळा, मग आणखी सुईच्या टोकाने. माणसाच्या डोळ्यातला पांढरा कधी नुसता पांढरा नसतो, त्यात निळसर झाक असते. ती झाक किती, हेच त्यांचं सगळं शिक्षण होतं. बाईंच्या डोळ्याकडे बघायचं, काचेकडे बघायचं. मान सरळ, बाई. आणखी एक टोक. हात ठाम चालला होता. कित्येक दिवसांनी त्यांना आपला हात आपला वाटला.

तासाभराने त्यांनी ब्रश ठेवला, थर सुकू दिला आणि वाटी बाईंच्या डोळ्याशेजारी धरली. "बघा आता."

बाईंनी आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "छान झालाय, मास्तर."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. तिने ट्रेमधल्या बाटल्यांची झाकणं लावायला घेतली होती. एक झाकण दोनदा लावलं.

बाई उठल्या. उशीर होईल म्हणाल्या, पॉलिश सावकाश करा, घाई नाही. आणि सहज विचारावं तसं विचारलं, आजच्यापुरता जुनाच घातला तर चालेल ना. पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. चौथा डोळा, सहा वर्षांपूर्वीचा, त्यांनी टाकला नव्हता.

मास्तरांनी तो मागून घेतला. डाव्या तळहातावर जुना ठेवला, शेजारी नवा. आभाळाच्या त्या निखळ उजेडात दोन्ही त्यांच्याकडे बघत होते. एक जरा झिजलेला, बाकी दोन्ही सारखे. अगदी सारखे. त्यांनी हात जवळ नेला, लांब नेला, चष्मा काढला, लावला.

बाई जुना डोळा घेऊन जिना उतरून गेल्या. मास्तर नवा हातात धरून तसेच उभे राहिले.

"तुला फरक दिसला?" त्यांनी बायकोला विचारलं.

"दिसला."

"काय दिसला?"

"निळा आहे. कपड्यांना नीळ जास्त झाली की होतात ना, तसा."

"आजच?"

मास्तर टेबलाला टेकले.

"भिंतीमुळे नाही ते," ती म्हणाली. "भिंत आत्ताची. मला दोन वर्षं झाली दिसतंय."

मग तिने सगळं सांगितलं, ट्रेकडे बघत, एखादी फुटलेली बशी कबूल करावी तसं. दोन वर्षांपूर्वी पॉलिश करताना तिला पहिला डोळा निळा वाटला. तिने मुकाट्याने त्यांच्या पांढऱ्याच्या बाटलीत चिमूटभर पिवळी पूड मिसळली. पुढचा डोळा बरोबर आला. त्याच्या पुढचाही. मास्तर दुपारी आडवे झाले की ती बाटली तयार करून ठेवायची. पण ते हळूहळू निळा वाढवत गेले. तिने पिवळा वाढवला, त्यांनी निळा आणखी. तीन महिन्यांपासून तिचा अंदाज चुकायला लागला. आज तर त्यांनी तिच्यासमोर नवीनच बाटली फोडली.

मास्तरांना आठवलं, मागच्या वर्षी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी एका डोळ्याला इतकं नावाजलं होतं की फोटो काढून घेतला. महिनाभर ते त्या कौतुकावर चालले होते, भाजीवाल्यालाही सांगून झालं होतं. तो पांढरा हिचा होता.

"सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तुम्ही काय केलं असतंत?"

खाली टायरवाल्याकडे कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं. मास्तरांनी नवा डोळा ट्रेमध्ये ठेवला.

त्याच आठवड्यात ती त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेली. इतकी वर्षं मास्तर त्या इमारतीत मागच्या दाराने जायचे, पुडक्यात डोळे घेऊन. या खेपेला पुढच्या दाराने जाऊन नंबर लावला. डॉक्टरांनी हनुवटी टेकवायला लावली, थेंब घातले, उजेड मारला, रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली. चौथ्या पानानंतर मास्तरांनी अंदाजाने उत्तरं द्यायला सुरुवात केली, आणि ते डॉक्टरांना कळलं. डोळ्यातली भिंगं पिवळी पडली होती. ती बदलता येतात, डॉक्टर म्हणाले, त्याचं काही नाही. पण मागचा पडदाही मधोमध झिजलाय. नवीन भिंगाने पेपर वाचता येईल, रस्ता ओलांडता येईल. रंगातला एवढा बारीक फरक मात्र परत यायचा नाही. मग डॉक्टरांनी स्वतःचा चष्मा पुसत विचारलं, "मास्तर, मला कळत नाही, तुम्ही इतके दिवस काम केलंत कसं?"

मास्तर बायकोकडे बघत नव्हते. बायकोही त्यांच्याकडे बघत नव्हती.

यापुढची माणसं मोठ्या शहरात पाठवू, असं डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं. तिकडे आता बुबुळाचा फोटो काढून छापतात. खांद्यावर हात ठेवून सांगितलं, म्हणून ते आणखी लागलं.

परतीच्या वाटेवर बाजार भरलेला होता. थेंबांमुळे मास्तरांना सगळं पांढुरकं दिसत होतं, तरी ते प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. एक बाई रागावून बाजूला झाली. बायकोने दंड धरून त्यांना पुढे ओढलं. ते तीन डोळे परत आले होते. पण तीन महिन्यांत गेलेले तीनच नव्हते. जे डोळे परत आले नाहीत, ते बसवलेल्या माणसांना काय वाटलं असेल? असंच असतं, आपल्या नशिबी एवढाच मिळायचा, असं समजून ती माणसं गप्प बसली असतील. त्यातलं कुणी आत्ता इथे कांदे निवडत असेल, आणि विकणारा त्याच्या दुसऱ्या डोळ्याशी बोलत असेल. त्याला थांबवून सांगायला हवं होतं की चूक तुमची नाही, माझी आहे. पण ओळखणार कसं? सगळ्या गर्दीत एकाही डोळ्याचा पांढरा त्यांना निळा दिसला नाही. सगळे सारखे, सगळे खरे.

घरी त्यांनी नमुन्यांची पेटी उघडली. एकतीस वर्षांत रंगवलेली चारशे बुबुळं, कप्प्याकप्प्यांत, फिकट तपकिरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत. खालच्या चार ओळी त्यांना एकाच रंगाच्या दिसल्या. त्यांनी पेटी मिटली आणि खाटेखाली सरकवली. दोन दिवस जेवले, झोपले, विचारलं तेवढ्याला हो-नाही म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बायकोने बाईंचा डोळा टेबलावर आणून ठेवला. पांढरा पुन्हा घासून काढलेला होता. ते म्हणाले राहू दे. ती म्हणाली बाईंना कबूल केलंय. बाई आल्या, खिडकीशी बसल्या. या वेळी चादर नव्हती. बायको कोपऱ्यात पाठ करून काचेवर पांढरा कालवत होती, मधूनच मान वळवून बाईंकडे बघत होती. तिने कालवलेला मास्तरांनी लावला. तंतू चिकटवले. ते नजरेपेक्षा बोटांनीच होतं. बुबुळाला हात लावला नाही.

संध्याकाळपर्यंत थर चढला, पॉलिश झालं. बाईंनी डोळा बसवला, पापणी दोनदा मिटली आणि आरसा घेऊन खिडकीत गेल्या. तिथून बराच वेळ वळल्याच नाहीत. वळल्या तेव्हा दोन्ही डोळ्यांनी मास्तरांकडे बघत होत्या आणि एकातून पाणी वाहत होतं.

"मास्तर, तुमचा हात अजून तस्साच आहे," त्या म्हणाल्या. "मी उगाच शंका घेतली."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. तिने काचेचा तुकडा फडक्यात गुंडाळला होता आणि मान किंचित हलवली, नाही म्हणून. बोलू नका म्हणून.

"मान सरळ ठेवत जा, बाई," मास्तर म्हणाले. "रात्री काढून धूत जा. आणि सहा वर्षांनी..." वाक्य तिथेच राहिलं. बाईंनी ते वयाचं समजलं आणि अजून भरपूर जगायचंय तुम्हाला, असं म्हणून पाया पडल्या. मास्तर दोन पावलं मागे सरले. तोवर त्यांचं वाकून झालं होतं.

बाई गेल्यावर त्यांनी ब्रश धुतले आणि दांड्या वर करून डब्यात ठेवले. मग त्या डब्याकडे बघत बसले. पुढची चिठ्ठी घेऊन जिना चढणारं कुणी नव्हतं. हात अजून तसाच होता. त्याला आता देण्यासारखं काम या खोलीत उरलं नव्हतं.

"अहो," आतून हाक आली. "सिंकचं पाणी तुंबलंय. साच्याचं प्लास्टर अडकलं असणार."

ते गेले नाहीत.

"अहो, ऐकलंत का? बाहेर यायला लागलंय."

मास्तर उठले. दाराआडचा पाना आणि वाकवलेली तार घेतली, सिंकखाली फतकल मारली. बोटांनी चाचपून पाइपाचा नट शोधला.

"बादली इकडे सरकव," ते म्हणाले, आणि पाना फिरवायला लागले.