उरलेलं आम्ही नेत नाही

"ये गं, तू पण उभी राहा."

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दादरला, आई जिथे स्वयंपाकाला जायची त्या घरी. मी चौदा वर्षांची, नववीत. गर्दी होणार म्हणून आईने मला हाताखाली नेलं होतं. त्या घरच्या काकूंनी नवा वजनकाटा घेतला होता. काचेचा, मोबाईलला जोडलेला. तो त्यांनी हॉलमध्ये आणून ठेवला आणि बायका हसत हसत एकेक करून त्यावर चढल्या. प्रत्येकीने वाकून आपला आकडा आपणच बघितला आणि पटकन उतरली. कुणी कुणाला आकडा विचारला नाही.

मग काकूंनी मला बोलावलं.

माझ्या हातात मसाला दुधाचा ट्रे होता. मी म्हटलं, "नको काकू."

"लाजतेस काय? सगळ्या बायकाच आहोत."

कुणीतरी ट्रे काढून घेतला. मी चढले. काकूंनी मोबाईलवर बघून माझा आकडा मोठ्याने वाचला. सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग म्हणाल्या, "आमच्याकडचं उरलेलं सगळं हिच्याच घरी जातं ना. दिसतंय."

हसल्या सगळ्या. वाईट बायका नव्हत्या त्या. घरी पोरी असतील त्यांच्या. तरी हसल्या.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आई पदराला हात पुसत उभी होती. ती पण हसली.

बाकीच्यांचं हसणं मी विसरले असते. आईचं विसरता येईना.

त्या दिवशीही आईच्या पिशवीत डबा होता. गुळपोळ्या, पनीरची भाजी, त्यांच्याकडच्या आदल्या दिवशीच्या वाढदिवसाचा अर्धा केक. लालबागला खोलीत आल्यावर तिने तो उघडला आणि मी ओरडले, "तूच मला डुक्कर केलंस. लोकांचं खरकटं खायला घालून."

आई खाली बसली. म्हणाली, "खरकटा नाय गो ता. उष्टा मी कधीच हाडूक नाय."

उष्टं तिने कधी आणलं नाही, एवढंच. मग तिने झाकण लावलं.

वजनकाट्यावर उभी राहिले त्याची लाज आहेच. पण मी आईला जे बोलले त्याची लाज त्याच्यापेक्षा मोठी आहे. आज लिहितानाही हात अडतो. सहा घरांत राबून माझं आणि भावाचं पोट भरणाऱ्या बाईला मी तसं बोलले. आणि अर्ध्या तासाने तोच केक मी मोरीत तोंड लपवून खाल्ला. तेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवसापासून मी जेवण टाकायला लागले. आईला सांगायचे शाळेत खाल्लं. शाळेत सांगायचे घरून खाऊन आले. पोट दुखायचं, केस हातात यायचे, पण मला वाटायचं हीच बरोबर शिक्षा. शाळेत एक मुलगा मला टँकर म्हणायचा. तो म्हणाला, "टँकर जरा खाली झाला वाटतं." मला त्याचं बरं वाटलं. इतकी अक्कल गेली होती.

महिन्याभराने प्रार्थनेच्या रांगेत डोळ्यांपुढे काळोख आला. पडले ती हनुवटीवर. तीन टाके.

आईने परळच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई स्वतः चांगल्या जाड होत्या. मला वाटलं, ह्या काय सांगणार. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, कागद आला, तो वाचला आणि आईला म्हणाल्या, "मावशी, जरा बाहेर बसा." मग मला विचारलं, "कुणी काय बोललं तुला?"

आजवर सगळ्यांनी मला काय खातेस एवढंच विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. रडत, शेंबूड पुसत.

त्या म्हणाल्या, "तुझ्या अंगात रक्त नाही. आधी जेवायचं. उपाशी राहणं म्हणजे वजन उतरवणं नाही, ती मारहाण आहे. स्वतःला केलेली."

मग आईला आत घेऊन आमचा दिवस विचारला. सकाळी चहा-खारी. मधल्या सुट्टीत वडापाव. दुपारी आणि रात्री त्या घरचं जे असेल ते. पास्ता, पुरी, गोड. खेळायला जागा कुठे? चाळीसमोरच्या मैदानाला टॉवरच्या बांधकामाचा पत्रा लागला होता. आई मान खाली घालून उत्तरं देत होती. डॉक्टर तिला एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही गावाला काय खायचात?"

"भाकरी. कुळथाची पिठी. पालेभाजी. बाजारात आली तर मासळी."

"तेच हिला द्या. पोटभर द्या. आणि रोज चालवा. घाई करू नका, हिची उंची अजून वाढतेय. काट्यावर तर उभीच करू नका. मी बोलावीन तेव्हा इथे बघू."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मगे त्या डब्याचा काय करायचा? नको म्हटला तर वहिनींका राग येतलो. म्हणतीत, हिका माज इलो."

काकूंना ती वहिनी म्हणायची. खरं होतं ते. देणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे माज. म्हणून आई डबा घ्यायची आणि वाटेत हिंदमाताच्या पुलाखाली बसणाऱ्या म्हातारीला द्यायची. आमच्याकडे सकाळी भाकऱ्या व्हायला लागल्या. पहिले पंधरा दिवस मला त्या गिळवत नव्हत्या. जीभ चटावलेली होती. लपून वडापावही खाल्ला. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, "खाल्लास तर खाल्लास. उद्या परत भाकरी."

पहाटे मी आईबरोबर चालत निघायचे. लालबाग ते दादर, आणि मग एकटी परत. पहिल्यांदा परळच्या पुलावर दम लागून कठड्याला धरून उभी राहिले होते. नाक्यावरची पोरं बोलायची. मी ओढणी ओढून घ्यायचे आणि चालायचे. लाज गेली नाही. लाज घेऊनच चालले. चालता चालता आई बोलायला लागली. तिच्या लहानपणचं, तिच्या वडिलांची मिल बंद झाली तेव्हाचं. एका खोलीत राहून आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो.

दिवाळीपर्यंत मी थोडी उतरले. फार नाही. पण जिना चढताना छाती धडधडत नव्हती, आणि रक्ताचा कागद सुधारला होता.

फराळाच्या कामाला आईने पुन्हा मला नेलं. काकूंनी मला वरून खालपर्यंत बघितलं.

"वा! किती छान दिसतेस. बघ, त्या दिवशी मी बोलले म्हणून. कुणीतरी स्पष्ट सांगावं लागतं गं."

आई ओट्याजवळ मान डोलवत होती. काकूंनी फ्रिजमधून डबा काढून माझ्यापुढे धरला. "घे. आता चालेल तुला थोडं."

मी हात पुढे केला नाही.

"नको काकू. उरलेलं आम्ही नेत नाही."

"म्हणजे?"

"आणि तुम्ही बोललात म्हणून मी बारीक नाही झाले. तुम्ही बोललात म्हणून मी चक्कर येऊन पडले. हे बघा." मी हनुवटी वर केली.

काकूंनी डबा ओट्यावर ठेवला आणि आईला म्हणाल्या, "मुलीला फारच बोलायला शिकवलंत."

आईने हातातल्या करंज्या पुऱ्या केल्या, हात धुतले, चपला घातल्या.

पुढच्या महिन्यात तिचं ते काम सुटलं. दुसरं मिळायला वेळ लागला, आणि ते लांब भायखळ्याला मिळालं. मी सॉरी म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "बोलूक नको होता तू." मग म्हणाली, "माका बोलूक होया होता." मी तिची समजूत घातली नाही. ती खरं बोलत होती, त्या दिवशी बोलायला तीच हवी होती.

आता मी एकोणीस वर्षांची आहे. बारीक नाही. होईन असंही नाही. दुकानात बाई 'तुमच्या मापाचं नाही' म्हणते तेव्हा कान अजून तापतात. ती लाज कधी जाईल म्हणून मी थांबणार नाही. मी जेवणार, पोटभर, चार माणसांत बसून. चालणार, कारण हे पाय माझे आहेत. आणि माझ्यादेखत कुठल्या पोरीला मध्ये उभी करून कुणी हसलं, तर मी बोलणार. घर कुणाचंही असो. त्या घरात माझी रोजीरोटी असली तरी.