सर्वांना एकच पदक देणारे विठ्ठलराव

विठ्ठलराव ठवकरांची नि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. सीमेवरच्या लढाईनंतर फौजेतली आचाऱ्याची नोकरी संपवून मी नुकताच भिलाईच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी म्हणून लागलो होतो. वरणाचा एक घास घेऊन त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारले, "मीठ राशनवर भेटते काय रे?" मी तापलो. ते मात्र ताट स्वच्छ करूनच उठले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याच खिडकीशी हजर! त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात लिहिताना मला आधी तेच आठवते.

विठ्ठलराव कारखान्यात लाकडी साचे घडवतात. त्यांच्या साच्याचा वाळूत ठसा घ्यायचा आणि त्यात धातू ओतायचा. हाताखालच्या पोरांना ते दिवसभर रागे भरतात, पण एखाद्याच्या हातून साचा बिघडला तर साहेबांपुढे स्वतः जाऊन उभे राहतात.

त्याच वर्षी, सीमेवरच्या त्या लढाईला जाऊन आलेल्या वसाहतीतल्या मंडळींना सेवापदक द्यायचे आमच्या मराठी मंडळाने ठरवले. नमुना विठ्ठलरावांनी करायचा होता. कुणाला त्यावर तलवार हवी, कुणाला वाघ, कुणाला तोफ. विठ्ठलराव म्हणाले, "रुपयाएवढ्या जागेत एवढी जत्रा मावते कुठं?" त्यांचा स्वतःचा पहिला नमुना तर हुबेहूब हजेरीच्या टोकनसारखा निघाला. गेटवरच्या बाबूंनी तो सरळ कामगारांच्या टोकनांच्या रांगेत खिळ्याला टांगून ठेवला!

खरा पेच पुढे होता. अध्यक्षांना दोन पदके हवी होती: लढणाऱ्यांना मोठे, आचारी-ड्रायव्हरांना लहान. माझे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून इथे भट्टीवर लागलेले. आपला पोरगा गुलाब बंदूक चालवतो, असे त्यांनी आमच्या रुआबांध्याच्या वस्तीत सांगून ठेवले होते. माझ्या छातीवर लहान पदक दिसले की चारचौघांत त्यांची शोभा होणार. समारंभाला जायचेच नाही, असे मी ठरवले.

बैठकीत विठ्ठलराव उठले. "गोळी का पुसून येते, तू शिपाई हायेस का सैपाकी? मी साचा एकच करीन. दुसरा पाह्यजे असन तं दुसरा माणूस पाहा." दुसरा माणूस मिळणार कुठून? पदकावर त्यांनी डोंगराची रेघ नि खाली दोनच शब्द कोरले: 'सीमेवर होते'. मग आमच्या घरी येऊन मला दटावले, "नाही आलास तं उचलून नेईन."

समारंभात माझ्या नावाआधी 'आचारी' पुकारले गेले, तशी मागच्या रांगेत वडिलांची मान खाली गेली. माझ्याआधी एका लंगडणाऱ्या जवानाला पदक मिळाले होते. विठ्ठलरावांनी तसेच, तेवढेच पदक माझ्या छातीवर लावले आणि पाठीवर असा धपाटा घातला की मी पुढे कोलमडलो. सगळा मांडव हसला.

परतताना वडील सायकल हातात धरून चालत होते. मग थांबले, पदक हातात घेऊन सावकाश वाचले आणि लढाईबद्दलचा पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला. "बर्फात चूल पेटे कशी बे?"

मी सांगत राहिलो. घर आले तरी आम्ही दाराशी उभेच.

वडील आता नाहीत. त्यांना न मिळालेली वर्षेही देवाने विठ्ठलरावांना द्यावीत, आणि ती सगळी त्यांनी हातीपायी धड राहून, असेच भांडत जगावीत.