आठवा खडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका — फक्त मध्ये थांबवू नका. एकदा थांबलो तर पुन्हा तोंड उघडायचं नाही माझं.

केजच्या वेशीबाहेरची ही नवी पेठ तुम्ही बघताच आहात. सरळ रस्ते, मधोमध चौक, दोन्ही अंगांना दुकानं. लोक मला पेठेचा मूळपुरुष म्हणतात, लग्नाचं पहिलं आवतण माझ्या घरी येतं. माझ्या रागाचंही लोकांना कौतुक! मुकादमाचा राग म्हणजे दूध उतू जाणं, आला तसा गेला. गेला खरा. पण येऊन काय करून गेला, हे कुणी विचारलं कधी?

प्लेगच्या साली लोक गाव सोडून या माळावर झोपड्या घालून राहिले. साथ ओसरली, तरी माघारी जायला कुणाचा पाय निघेना. ज्या घरातून पोरं उचलून नेली, तिथं पुन्हा चूल कशी पेटवायची? शेवटी सरकारातून दोऱ्या लावून वस्ती आखून मिळाली. चौकातली जागा माझी. मी जोतं घातलं, दारासाठी सागवान आणून ठेवला. पण माळाला पाण्याचा टिपूस नव्हता. बीडहून तालुकदारसाहेब, जिल्ह्याचे मोठे अंमलदार, पाहणीला यायचे होते. तोवर विहिरीला पाणी लागलं नाही तर वस्ती रद्द, चला सगळे परत गावात. आणि त्या विहिरीच्या कामावर मुकादम होतो मी.

सुरुंगाला दोघे भाऊ होते, धर्मापुरीकडचे. धाकटा धोंडिबा विहिरीत उतरून खडकात भोकं पाडायचा, दारू ठासायचा, वाती पेटवायचा आणि दोराला लटकून वर यायचा. मग तो आणि बाकीची माणसं लांब बांधाआड जायची. थोरला ग्यानबा काठाजवळच्या दगडाआड बसून बार मोजायचा. जितके बार भरले तितके खडे मुठीत. एक उडाला की एक खडा टाकायचा. मूठ रिकामी झाली की हाळी द्यायची — मोकळं हाय! खडा उरला, तर त्या दिवशी विहिरीत कुणी उतरायचं नाही. न उडालेला बार पहारीच्या एका घावानं उडतो. धोंडिबा माझ्या शब्दावर कधी उतरला नाही. भावाच्या हाळीवर उतरायचा.

तालुकदारसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते. त्या दुपारी आठ बार भरले. दगडाआड आम्ही दोघंच, ग्यानबा आणि मी. धूर निवळला तसा ग्यानबानं तळहात माझ्यापुढं धरला. एक खडा उरला होता.

"येक ऱ्हायलाय, मुकादम. आज न्हाई. उद्या बगू."

उद्या! उद्या काय, माझं जोतं खांद्यावर घेऊन गावात जाऊ? "दोन संगं उडाले, बे," मी म्हणालो. त्यानं नुसती मान हलवली. ती शांत मान मला झोंबली. हातात वेळूची काठी होती. त्या उघड्या तळहातावर हाणली. खडा उडून झुडपात गेला. मग मनगटावर, पाठीवर, मानेवर — किती हाणल्या? माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस, हात आडवासुद्धा घालत नव्हता. शेवटी त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. एवढं ठासून सांगणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं त्याला वाटलं असेल का? तो धडपडत उठला आणि त्यानं हाळी दिली. "मोकळं हाय रं, धोंडू!"

धोंडिबा पळतच आला. घाईत त्यानं भावाची पाठ पाहिली नाही. मीच त्याच्या हातात पहार दिली. तो उतरला. खाली ती तीनदा वाजल्याचं मला आठवतं. नंतर जे झालं त्यानं मी उताणा पडलो. दगडांमागून दोर वर आला, तुटका, आणि त्याला जे चिकटलं होतं ते मी सांगणार नाही. रहाटाचं लाकूड लाल झालं होतं. आणि खाली खळखळ सुरू झाली. त्या बारानं कातळ फाटून झरा मोकळा झाला होता.

"पाणी! पाणी लागलं!" हे पहिलं कोण ओरडलं? मी ओरडलो.

माणसं नाचायला लागली. ग्यानबा रांगत काठाकडं चालला होता, तेव्हा कुठं कुणाला धोंडिबाची आठवण झाली. मोकळं कुणी म्हटलं? हाळी तर सगळ्यांनी ऐकली होती. काठी कुणीच पाहिली नव्हती. "भाऊ खाल्लास की रं!" म्हणत माणसं त्याच्यावर तुटून पडली, दगड घेऊन, फावड्याचे दांडे घेऊन. मी मध्ये पडलो? छे. त्यानं तोंड उघडू नये म्हणून पहिली लाथ मी घातली, आणि ती तोंडावरच घातली.

साहेब आले, पाणी पाहून खूश झाले, पेठ राहिली. विहिरीपाशी धोंडिबाच्या नावाचा शेंदरी दगड आहे, त्याच्यापुढं दरवर्षी पहिला नारळ मी फोडतो. आणि पेठेत आजही कुणाचा हिशोब चुकला की म्हणतात, ही ग्यानबाची मोजणी. पोरीबाळी हसतात. मीही हसलो आहे.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या जोत्यापाशी आला. एक डोळा सुजून मिटलेला, कानाखाली रक्त वाळलेलं. भांडायला आला असता तर मी तयार होतो. पण तो लांबच उभा राहिला.

"येकच सांगा, मुकादम. दोन संगं उडाले, त्ये तुमाला खरंच ऐकू आलतं?"

"आलतं," मी म्हणालो.

"मंग माजेच कान गेले," तो म्हणाला. "म्याच मारलं त्याला."

आणि तो धर्मापुरीच्या वाटेला लागला. पुन्हा कुणाला दिसला नाही.

त्या दुपारी दगडाआड बसून मीही बोटांवर मोजत होतो. सातच उडाले होते.