हातभर लोखंडाची फिर्याद

ती फिर्याद आजही डोळ्यांसमोर आहे. नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळे पाहिले. पण कुठल्या तपासात सर्वांत जास्त मजा आली असे कोणी विचारले, तर मी हातभर लोखंडाच्या चोरीचे नाव घेईन.

मी तेव्हा बीड तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. परवाने-कोटे सैल झाल्याचे ते दिवस. बाजारात रोज नवी गाडी येत होती, कर्ज सहज मिळत होते. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो, तेवढ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ धापा टाकत आत आले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा आणि हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. चौसाळ्याचे कापड दुकानदार. गाव त्यांना आप्पा म्हणे. मागोमाग त्यांच्या पत्नी आल्या.

"साहेब, माझ्या ट्रकचा तुकडा चोरीला गेलाय," आप्पा म्हणाले.

"कसला तुकडा?"

त्यांनी हात पसरून दाखवला. "येवढा. लोखंडाचा."

आमचे जमादार फिर्याद लिहायला बसले होते, त्यांना हसू आवरेना. "आप्पा, भंगारात जा की. किलोवर मिळंल."

आप्पांच्या पत्नी पुढे झाल्या. "हसू नका जमादार. लोक नवी मोटार घेतात, ह्यांनी चाक न फिरणारं धूड घेतलं, हे मलाबी कळतंय. पण सकाळपसून माणसानं पाण्याचा घोट घेतला न्हाई. लिहा तुमी."

मी आप्पांना खुर्ची दिली आणि बोलू दिले. लष्कराने काढून टाकलेला एक जुना ट्रक त्यांनी एका दलालामार्फत घेतला होता. "लहानपणी पलटणीच्या गाड्या दारावरून जायच्या साहेब. शाळा सोडून मागं पळत गेलतो, तर मास्तरनं लई बडवलं. तवाच ठरवलं, एक गाडी आपली पाहिजे." मांजरसुंब्याला एका ढाब्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी ट्रक ओढून आणला होता. रोज दुपारी दुकान पत्नीवर सोपवून ते एका मिस्त्रीबरोबर गंज खरवडत बसत. काल बाजाराचा दिवस म्हणून दोघेही गेले नव्हते. आज सकाळीच जाऊन पाहतात तो चेसिसचा, म्हणजे ट्रकच्या खालच्या सांगाड्याचा, हातभर तुकडा कापून नेलेला.

"नेमका कुठला तुकडा?"

"नंबरचा. कारखान्यात ठोकलेला असतो तो. मीच परवा खरवडून उघडा केलता. काय आनंद झाला म्हणून सांगू! बाहेरून, आतून लाल प्रायमर मारला, आन् आतल्या अंगाला ओल्या रंगात तीन बोटं ओढली." त्यांनी कपाळाकडे बोट दाखवले. "असे पट्टे. नवीन कामाची पूजा म्हणून."

जमादारांनी लेखणी थांबवली. "साहेब, पूजा कशापायी लिहायची?"

"लिहा. शब्द न् शब्द लिहा."

कलम ३७९ खाली गुन्हा दाखल करून मी पंचनाम्याला निघालो. ट्रक पाहिला. हिरवा रंग पोपडे धरलेला, पुढचे दिवे काढलेले, पण उभा मात्र हत्तीसारखा. शेडमध्ये नवी बॅटरी, पाने, तांब्याच्या नळ्या असा विकला जाणारा बराच माल होता. चोराने कशालाही हात लावला नव्हता. गॅसने कापून फक्त तो नंबर नेला होता. माझे कान टवकारले. चोर जेव्हा महाग माल सोडून स्वस्त माल नेतो, तेव्हा चोरी त्या मालाची नसते.

ढाबेवाल्याने सांगितले, "काल दुपारी जीपमधून दोघं आले, गॅसची नळकांडी उतरवली, कापलं, माझ्याकडं जेवले आन् गेले. मला वाटलं आप्पाचेच मानसं." भरदिवसा, रहदारीच्या तिठ्यावर! दुरुस्तीच्या गाडीत ठिणग्या उडाल्या तर कोण विचारणार?

गावचा संशय मिस्त्रीवर होता. मी त्याला बोलावले. तो संतापला. "साहेब, हा ट्रक चालू झाला तर माझं नाव बीडपत्तोर होईल. मी माझाच गळा कापीन का बे?" म्हणाला आणि लगेच जीभ चावली, कारण फौजदाराला 'बे' म्हटले होते. मला तो राग खरा वाटला. मी त्याला चहा पाजून परत पाठवले.

मग आप्पांना विचारले, "गाडी घेतल्यावर कोणी परत मागितली होती?"

"दलाल आलता. म्हणला, पैसे वाढवून देतो, परत द्या. मी म्हणलं, जीव मागा, गाडी न्हाई."

"आणि गाडीचे कागद?"

"त्याच्याकडंच हायत. नावावर करून देतो म्हणलाय."

मला धागा दिसला, पण त्या कागदांचा आणि लोखंडाचा उपयोग कुठल्या गाडीला, ते कळेना. तिठ्यावरचा एक पानटपरीवाला माझा खबऱ्या होता. तो दुसऱ्याच कारणाने ठाण्यात आला आणि जाता जाता बोलला, "साहेब, चौसाळ्याकडं एका मळ्यात बोअरची गाडी उभी हाय. नुसता रंग देत्यात. ऐन उन्हाळ्यात बोअरची गाडी कुणी रिकामी ठेवतं का?"

मी ताडकन उठलो. आमच्या भागात उन्हाळ्यात बोअर पाडणाऱ्या गाडीला श्वास घ्यायला वेळ नसतो. आणि त्या काळी अशा कितीतरी गाड्या लष्कराच्या जुन्याच ट्रकांवर बांधलेल्या असत! बिनतारी संदेश पाठवून चौकशी केली. शेजारच्या जिल्ह्यातून दोघा भावांची बोअरची गाडी चोरीला गेली होती. ट्रक आप्पांच्याच जातीचा.

पंच, जमादार आणि आप्पांना घेऊन मी मळ्यात पोचलो. गाडी निळीशार रंगवलेली होती. मळेवाल्याने निरोप धाडला म्हणून दलालही मोटारसायकलवर आला. कडक इस्त्रीचे कपडे, शांत चेहरा.

"कागदं बघा, नंबर बघा साहेब. गाडी कायदेशीर हाय."

नंबर खरोखरच कागदांशी जुळत होता, आणि ठोकलेली अक्षरेही अस्सल होती.

"आप्पांची गाडी कोणती मग?" मी विचारले.

"त्यांनी भंगार घेतलंय. त्याचा नंबर त्यांनी दाखवावा." तो गालात हसला. जोडाच्या रेषेवर पुट्टी भरून रंग चढवला होता, बाहेरून काही कळत नव्हते.

मी विजेरी आप्पांच्या हातात दिली. ते धुळीत उताणे पडून गाडीखाली सरपटत शिरले. आम्हाला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. मग खालून एकदम ओरडा आला.

"हाय! साहेब, हाय! तिन्ही पट्टे हायत!"

मी वर्दीची पर्वा न करता आत शिरलो, पाठोपाठ पंच. चेसिसच्या आतल्या अंगाला कोणी निळा रंग दिलाच नव्हता. वेल्डिंगपाशी लाल थर जळाला होता, पण मधोमध तीन आडवे पट्टे स्वच्छ दिसत होते, आणि बोटे टेकली होती तिथे ठसेसुद्धा. आप्पा रडत होते की हसत होते, त्या अंधारात कळले नाही.

बाहेर आलो तेव्हा दलालाचा चेहरा उतरला होता. ठाण्यात फार विचारावे लागले नाही. आप्पा ट्रक तोडून विकतील, मग नंबरचा तुकडा भंगारातून उचलता येईल, अशा हिशेबाने त्याने ते कागद चोरीच्या गाडीसाठी राखून ठेवले होते. नवा नंबर ठोकला असता तर तपासणीत उघडा पडला असता, म्हणून अस्सल लोखंडच हवे होते. "कापडवाला गाडी दुरुस्त करंल असं वाटलंच न्हाई," तो म्हणाला. त्याचे दोन साथीदार दोन दिवसांत मिळाले. बोटांचे ठसे आप्पांचेच असल्याचा अहवाल आला.

बोअरचे मालक असलेले दोघे भाऊ गाडी ओळखायला आले तेव्हा धाकटा टायरला मिठी मारून उभा राहिला. सारे घर त्या गाडीवर चालत होते. पुढे कोर्टाने मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या हमीवर, मालकांना दिला. भावांना त्यांची गाडी मिळाली, आप्पांना त्यांचा तुकडा. तो बसवायला ते दोघे भाऊच आले. तशा इंजिनांची त्यांना सवय होती. त्यांनी आणि मिस्त्रीने कामच अंगावर घेतले.

ट्रक सुरू व्हायच्या दिवशी मला निमंत्रण होते. पहिल्यांदा धूर झाला, नंतर खोकल्यासारखा आवाज, आणि मग अख्खे शेड हादरले. आप्पांच्या पत्नी पदर खोचून पुढच्या सीटवर चढल्या. "आता हे धूड कपिलधारला न्या. देवाला दाखवू," त्या म्हणाल्या. आम्ही सगळे मागच्या हौद्यात चढलो. जमादार सर्वांत आधी.

पुढे नवीन फौजदार माझ्या हाताखाली आले, त्यांना मी एवढेच सांगत असे. चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत काय, हे लिहून घ्या, पण ती कोणाच्या कामाची आहे हे आधी विचारा. आणि फिर्यादी आपल्या वस्तूबद्दल भान हरपून बोलू लागला, तर घड्याळाकडे पाहू नका. ज्याचा जीव वस्तूत असतो त्याने ती आतून-बाहेरून पाहिलेली असते. त्याच्यासारखा साक्षीदार पोलिसाला दुसरा मिळत नाही.