समुद्रात दगड धरायचा नाही

मंडळी, आज अंदमानात ड्रिफ्ट डायव्हिंग केलं! पाठीवर सिलिंडर, पाणी कोमट, जेमतेम तीन पुरुष खोल. पोहायचं नाही, प्रवाह नेईल तिकडे जायचं. बोट मागून येते.

पण मी पडले नाशिकची. गोदावरीत पोहायला शिकवताना बाबांनी बजावलं होतं, "पाणी ओढायला लागलं की दगड धर." नाशिककरांनो, तुम्हालाही हेच शिकवलंय ना?

आज पाण्याने ओढलं आणि हात आपोआप पुढे गेला. समोर प्रवाळ होतं. त्याच्या फटीतून नखाएवढा निळा मासा माझ्याकडे बघत होता. धरलं असतं तर त्याचं घरच मोडलं असतं. हात छातीशी घेतले आणि खुशाल वाहत गेले.

मघाशी बाबांना फोन केला. म्हटलं, "आज दगड नाही धरला."

"मग थांबलीस कशी?"

"थांबलेच नाही, बाबा!"